युद्धाच्या भागात मदतीचा ट्रक पोचवायचा तर सुरुवात कुठून करायची

गेल्या वर्षी नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या एका कॉलेजात एमएसडब्ल्यूच्या, म्हणजे समाजकार्य शिकणाऱ्या मुलांशी बोलायला गेले होते. बोलून झालं, प्रश्न विचारा म्हटलं तर सातपूरची एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, ताई, धान्य आहे, ट्रक आहे, ड्रायव्हर आहे, लोक उपाशी आहेत हे सगळ्या जगाला माहितीये, मग अडतं कुठं? प्रश्न इतका सरळ होता की मला तिथं नीट उत्तर देता आलं नाही. हे लिहितेय ते तिच्यासाठी आणि ज्यांना या कामात यायचंय अशा सगळ्यांसाठी. मी दक्षिण सुदानमध्ये जवळपास दोन वर्षं हेच काम केलंय, म्हणजे ट्रक कुठून जाणार, कोणाला विचारून जाणार, कोणाला सांगून जाणार आणि अडला तर रात्री कोणाला फोन करणार, एवढंच बघायचं. याला ह्युमॅनिटेरियन ॲक्सेस म्हणतात, आम्ही नुसतं ॲक्सेस म्हणतो.

आपल्याकडचंच घ्या. पिंपळगाव बसवंतहून द्राक्षाचा रीफर कंटेनर न्हावाशेव्याला निघतो तेव्हा त्याच्यासोबत फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट, ई-वे बिल, कस्टमचे पेपर सगळं असतं, आणि वाटेत कोणी अडवलंच तर तो कागद बघतो, फार तर वरच्याला फोन लावतो आणि गाडी सुटते. कारण अडवणाऱ्या सगळ्यांच्या डोक्यावर सरकार एकच आहे. युद्धात नेमकं हेच नसतं. पहिल्या नाक्यावर सरकारी फौज, पुढं तीस किलोमीटरवर दुसरा गट, त्यापुढं गावातल्या पोरांनी स्वतःच दोरी बांधलेली, आणि एकाचा कागद दुसऱ्याला दाखवला तर मदत व्हायच्या ऐवजी तुमच्यावरच संशय येतो की अरे हे तर त्यांचे लोक. म्हणून या कामाचा गाभा मी एका वाक्यात सांगते, बाकी सगळं त्यातूनच निघतं: जो जो तुम्हाला अडवू शकतो त्या प्रत्येकाला तुम्ही आधी कळवायचं, आणि सगळ्यांना एकच गोष्ट सांगायची.

सगळ्यात आधी: तुम्ही कोण आहात

चार तत्त्वं आहेत, माणुसकी, निःपक्षपात, तटस्थता आणि स्वातंत्र्य. यातली पहिली तीन युएनच्या आमसभेच्या १९९१ च्या ४६/१८२ या ठरावात आली, चौथं नंतर २००३ च्या ठरावाने जोडलं गेलं. वाचताना ती शाळेच्या भिंतीवरच्या सुविचारासारखी वाटतात पण नाक्यावर तुमच्याकडे दुसरं काहीच नसतं. निःपक्षपात म्हणजे मदत गरजेप्रमाणे, जात-जमात-पक्ष बघून नाही. तटस्थता म्हणजे भांडणात बाजू घ्यायची नाही, तोंडानेही नाही आणि फेसबुकवरही नाही. स्वातंत्र्य म्हणजे ज्याने पैसे दिले त्याच्या राजकारणाप्रमाणे आपण ट्रक पाठवत नाही.

इथं एक गोष्ट मुद्दाम सांगते कारण महाराष्ट्रात हा विषय काढला की हमखास कोणीतरी सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं नाव घेतं. १९३८ मध्ये काँग्रेसने पाठवलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकातून ते चीनला गेले, जखमी सैनिकांची सेवा करता करता १९४२ मध्ये तिथंच वारले. त्यांच्याबद्दल मला अपार आदर आहे. पण ते गेले होते ते एका बाजूच्या सोबतीला, चिनी कम्युनिस्टांच्या आठव्या रूट आर्मीबरोबर, आणि ते लपवून नाही तर जाहीरपणे. आज तुम्ही ज्या कामाला जाणार आहात त्यात अशी बाजू घेता येत नाही, कारण तुम्हाला उद्या त्याच रस्त्यावरून पलीकडच्या गावात जायचंय. मनातून तुम्हाला एका बाजूचं पटत असेल, माणूस आहात, पटणारच, पण ते मनातच ठेवायला जमत नसेल तर हे काम करू नका, दुसरी कितीतरी चांगली कामं आहेत.

आणि कायदा थोडा तरी माहीत हवा. १९४९ चे जिनिव्हा करार, त्यातला चारही करारांना समान असलेला कलम ३, ज्यात म्हटलंय की रेडक्रॉसच्या आंतरराष्ट्रीय समितीसारखी निःपक्षपाती संस्था दोन्ही बाजूंना आपली सेवा देऊ करू शकते. हे देशांतर्गत युद्धालाही लागू आहे. शिवाय प्रथेने चालत आलेला कायदा आहे, रेडक्रॉसच्या त्याच आंतरराष्ट्रीय समितीने, म्हणजे आयसीआरसीने, २००५ मध्ये त्याचे १६१ नियम एकत्र करून छापले, त्यातला ५५ वा नियम आपला, की गरजू नागरिकांकडे जाणारी निःपक्षपाती मदत लढणाऱ्यांनी लवकर आणि विनाअडथळा जाऊ द्यायची, पण तपासण्याचा हक्क त्यांना आहे. हा शेवटचा भाग नवीन लोक विसरतात. गाडी तपासली म्हणून चिडायचं नाही, तपासू देणं हा सौद्याचा भाग आहे. सरकारची संमती लागते, पण ती मनमानी करून नाकारता येत नाही, असं हे सगळं आहे. एक मात्र करू नका, नाक्यावर कलमं वाचून दाखवू नका. कायदा तुमच्या पाठीशी असतो, तोंडावर फेकायचा नसतो.

पहिली पायरी: कोण अडवू शकतं याची यादी

नकाशा घ्या, रस्ता काढा आणि त्यावर अडवू शकणारा प्रत्येक माणूस लिहा. फौज आणि बंडखोर एवढंच लिहून थांबू नका. जिल्ह्याचा मदत आयुक्त, गावचा प्रमुख, चर्चचा पाद्री किंवा मशिदीचा इमाम, ट्रक मालकांची युनियन, धान्याचा व्यापारी ज्याचा भाव तुमच्या फुकट धान्याने पडणार आहे, शेजारच्या गावातले लोक ज्यांना या खेपेला काही मिळणार नाही. शेवटचे दोन फार महत्त्वाचे. मी पाहिलेल्या अडवणुकीतल्या बऱ्याचशा बंदुकीच्या राजकारणातून आल्याच नव्हत्या, आम्हाला का नाही या रागातून आल्या होत्या, आणि तो राग खरा होता, त्यांच्याही घरात काही नव्हतं.

ही यादी ऑफिसात बसून होत नाही. ड्रायव्हर लोकांसोबत चहाला बसा. त्यांना माहीत असतं की कुठल्या नाक्यावरचा माणूस सकाळी बरा असतो आणि दुपारनंतर बोलण्याच्या लायकीचा नसतो, कुठला पूल गेलाय, कुठं गेल्या आठवड्यात माणसं बदलली. आणि यादी दर आठवड्याला नवी करा, कारण कमांडर बदलतात, नंबर बंद पडतात.

यादीत माती आणि पाऊसही लिहा, हे मी थट्टेने नाही म्हणत. दक्षिण सुदानच्या जोंगलेई भागात जमीन काळी, आपल्या निफाडकडची चिकट काळी आठवा, आणि पावसाळा साधारण मे ते ऑक्टोबर. एकदा पाऊस लागला की ट्रक जातच नाही, मग बोट, नाहीतर विमान, नाहीतर वरून पोती टाकायची, आणि ते सगळं कितीतरी महाग. म्हणून कोरड्या महिन्यांत धान्य आत नेऊन ठेवावं लागतं, आणि परवानगी तीन आठवडे लांबली की ते नुसते तीन आठवडे नसतात, अख्खा हंगाम जातो. परवानगी देणाऱ्याशी बोलताना ही तारीख समोर ठेवा, त्याला ती पटते, कारण पाऊस त्यालाही माहीत असतो.

दुसरी पायरी: कागद

यावर फार लिहीत नाही कारण देशागणिक बदलतं. संस्थेची नोंदणी, सरकारसोबतचा करार, व्हिसा, प्रवासाचं परमिट, मालाची आयात, वेबिल, गाडीतल्या मालाची यादी, एवढं कुठंही लागतं. कोण कागद देतं ते आधी शोधा. सुदानमध्ये १५ एप्रिल २०२३ ला युद्ध सुरू झालं, तिथं सरकारचं ह्युमॅनिटेरियन एड कमिशन आहे, आणि सरकारी फौजेशी लढणाऱ्या आरएसएफ या सशस्त्र गटाने त्याच वर्षी आपल्या ताब्यातल्या भागासाठी वेगळी संस्था काढली. म्हणजे एकाच देशात दोन ऑफिसं, दोन शिक्के, आणि एकाला दुसऱ्याचं अस्तित्वच मान्य नाही. अशा वेळी कुठला कागद कुठं काढायचा हे ड्रायव्हरच्या हातात वेगवेगळ्या फोल्डरमध्ये द्यायचं, एकत्र नाही.

कागद किती वरून येतो यावरही फार विसंबू नका. सीरियात तर खुद्द सुरक्षा परिषदेने २०१४ मध्ये २१६५ नंबरचा ठराव करून चार सीमा नाके उघडले होते, दमास्कसच्या संमतीशिवाय. २०२० उजाडलं तसं चाराचे दोन झाले, त्याच वर्षी जुलैमध्ये एकच उरला, बाब अल-हवा, आणि जुलै २०२३ ला तो ठरावही संपला. न्यूयॉर्कमध्ये हात वर होतात किंवा होत नाहीत आणि इकडं इदलिबमधल्या तंबूत औषध येतं किंवा येत नाही.

आता शाईची गोष्ट. एका नाक्यावर, म्हणजे काय तर दोन ड्रम, मधे दोरी, बाभळीच्या सावलीत एक पत्र्याची खुर्ची, तिथं सतरा-अठरा वर्षांच्या पोराने आमचं परमिट हातात घेतलं, बराच वेळ बघितलं आणि नाही म्हणाला. सही बरोबर, तारीख बरोबर, गाड्यांचे नंबर बरोबर. दुभाष्याने तीन-चार वेळा विचारल्यावर कळलं की आधीच्या खेपेच्या कागदावर शिक्का निळा होता आणि आमच्यावर जांभळा. त्याला सांगितलेलं होतं की खरा शिक्का असा दिसतो, तो तेवढंच बघत होता, आणि त्याच्या जागी तो बरोबरच होता. ऑफिसात कोणीतरी नवीन स्टॅम्प पॅड आणलं होतं, बस. चार तास आम्ही उन्हात थांबलो, सॅटेलाईट फोनवर त्याच्या वरच्या माणसाचा आवाज त्याला ऐकवला तेव्हा दोरी खाली आली. त्या दिवसापासून कागद घेऊन निघायच्या आधी मी मागच्या खेपेचा कागद शेजारी ठेवून बघते, आणि काहीही बदललं असेल, लेटरहेड असो की सही करणारा असो, तर नाक्यावर आधी निरोप पाठवते.

तिसरी पायरी: भेटणं आणि बोलणं

हे सगळ्यात अवघड आणि इथंच सगळ्यात जास्त वेळ द्यावा लागतो. नवीन माणूस पहिल्याच भेटीत मागणी ठेवतो, आम्हाला मंगळवारी सहा ट्रक न्यायचेत, परवानगी द्या. असं करू नका. पहिल्या भेटीत काहीही मागू नका. आम्ही कोण, काय करतो, काय करत नाही, एवढं एका पानावर त्यांच्या भाषेत लिहून न्या आणि वाचून दाखवा. तेच पान, शब्द न बदलता, पलीकडच्या बाजूलाही द्या, कारण ते एकमेकांकडून मागवतात, खरंच मागवतात. शब्दांचंही बघा. ईमेलमध्ये, रिपोर्टमध्ये, व्हॉट्सॲपवर कोणाला बंडखोर, दहशतवादी, क्रांतिकारक काहीही म्हणू नका, ते स्वतःला जे म्हणतात ते किंवा नुसतं या भागातले अधिकारी असं लिहा. लिहिताना असं समजा की दोन्ही बाजू हे वाचणार आहेत.

बोलण्याची एक रीत आहे, जिनिव्हात सीसीएचएन नावाचं वाटाघाटी शिकवणारं केंद्र आहे, ते हिमनगाचं उदाहरण देऊन शिकवतात. वर दिसतं ते समोरचा काय मागतोय, त्याखाली तो हे कसल्या हिशोबाने मागतोय, आणि सगळ्यात खाली तो असा का वागतोय, त्याला कशाची भीती आहे, कशाचा मान हवाय. भांडण वरच्या थरात होतं आणि वाट खालच्या थरात सापडते.

आमचा अनुभव सांगते. एका कमांडरने मदत घेणाऱ्या सगळ्यांची नावांची यादी मागितली, यादी नाही तर ट्रक नाही. यादी देणं शक्यच नव्हतं, त्या नावांवरून कोण कुठल्या घरातला, कोणाचा मुलगा पलीकडे लढतोय हे कळतं, आणि उद्या त्या घरावर कोणी गेलं तर ते आपल्या हातून झालेलं असेल. संस्थेची ती लाल रेघ होती, मी घरून निघतानाच ठरलेली. पण नुसतं नाही म्हणून उठले असते तर गावात धान्य गेलं नसतं. म्हणून विचारत राहिलो, यादी कशासाठी हवी? दुसऱ्या भेटीला कळलं की आधीच्या एका वाटपात पोती बाजारात विकलेली दिसली होती आणि लोक त्यालाच चोर म्हणत होते. त्याला नावं नको होती, त्याला आपल्यावरचा आळ नको होता. मग आम्ही गावनिहाय घरांचा आकडा दिला, नावांशिवाय, वाटपाच्या दिवशी गावच्या बायकांची एक समिती बसवली, किती पोती आली आणि किती गेली हे झाडाला लावलेल्या फळ्यावर खडूने लिहिलं, आणि त्याचा माणूस शस्त्र लांब ठेवून येऊन बघून गेला. सहा ट्रक गेले.

म्हणून जायच्या आधी कागदावर दोन रेघा काढा, हे देऊ शकतो आणि हे कधीच देणार नाही, आणि तुमच्या साहेबांची त्यावर सही घ्या. समोर बसल्यावर, चहा पिऊन झाल्यावर, तिसऱ्या तासाला, ठरवू नका.

भेटीला कोण जाणार याचाही विचार करा. काही ठिकाणी परदेशी माणसाचं ऐकतात, काही ठिकाणी त्याच्यावरच संशय. दुभाष्या कुठल्या जमातीचा आहे हे बघितलंच पाहिजे. आणि टीममध्ये बाई हवीच. अफगाणिस्तानात तालिबानने २४ डिसेंबर २०२२ ला एनजीओमधल्या अफगाण बायकांना कामावर यायला बंदी केली तेव्हा कितीतरी संस्थांनी काम थांबवलं, कारण तिथं बाईशी बोलायला बाईच लागते, बाई नसेल तर निम्मी वस्ती तुम्हाला दिसतच नाही. पुढं आरोग्य, शिक्षण अशा कामांत स्थानिक पातळीवर एकेका अधिकाऱ्याशी बोलून काही ठिकाणी वाट काढली गेली. वरून आलेली बंदी खाली जिल्ह्यात थोडी सैल होते, पण ती सैल करणारा माणूस तुमच्या ओळखीचा असावा लागतो, आणि ती ओळख बंदीच्या आधीची असावी लागते.

चौथी पायरी: नोटिफिकेशन, इथं चुकलं तर जीव जातो

आपली गाडी, आपलं हॉस्पिटल, आपलं गोदाम कुठं आहे हे लढणाऱ्यांना आधी कळवायचं, म्हणजे त्यांनी तिथं मारा करू नये. याला डीकन्फ्लिक्शन म्हणतात. बऱ्याच देशांत युएनचं ओचा ऑफिस, जे मदतकार्याचा समन्वय बघतं, हे पुढं पाठवतं; आयसीआरसी आणि एमएसएफ (डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स ही संस्था) स्वतः थेट बोलतात. नाशिककरांना ही कल्पना नवी नाही, देवळालीच्या तोफखान्याच्या रेंजवर फायरिंग असलं की तारखा आधी जाहीर होतात आणि आसपासच्या गावांनी तिकडं जायचं नसतं. इथं उलटं आहे, गाववाला तोफवाल्याला सांगतोय की मी या वेळी इथून जाणार आहे.

काय काय लिहायचं: गाड्या किती, कुठली, रंग, नंबर, छतावर काय चिन्ह आहे, आत कोण, माल काय, कुठून कुठं, कुठल्या रस्त्याने, कधी निघणार, कुठं थांबणार, आणि गाडीतला चालू असलेला फोन. वेळ स्थानिक की जीएमटी हे स्पष्ट लिहा. आणि कोऑर्डिनेट्स. इथं जरा थांबते.

अक्षांश-रेखांश हे डिग्री-मिनिट-सेकंदात पण लिहितात आणि दशांशात पण, आणि एकातलं दुसऱ्यात न बदलता टाकलं की जागा सरकते. ०.१ डिग्री अक्षांश म्हणजे साधारण अकरा किलोमीटर. नाशिकच्या सीबीएसला, म्हणजे मधल्या एसटी स्टँडला, एवढीच चूक केली तर ते दिंडोरीच्या दिशेला शेतात जाऊन पडतं. आणि अक्षांश-रेखांशाची अदलाबदल झाली तर सीबीएस थेट नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात. समुद्रातली चूक बरी, ती लगेच दिसते. अकरा किलोमीटरवाली दिसत नाही. माझ्या हातून एकदा एका आरोग्य केंद्राचा एक आकडा चुकीचा गेला होता आणि तो तीन दिवस तसाच राहिला. काही झालं नाही. पण त्या तीन दिवसांत तिथं बाळंतीण होत्या, आणि लढणाऱ्यांच्या कागदावर त्या जागी नुसतं रान होतं, हे मी आजही विसरू शकत नाही. म्हणून नियम: एकाने टाइप करायचं, दुसऱ्याने तो आकडा नकाशावर टाकून बघायचं, तिसऱ्याने जागेवरच्या माणसाला फोन करून विचारायचं की तुझ्या फोनवर काय दिसतंय. तिघांच्या सह्या झाल्याशिवाय पाठवायचं नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. नोटिफिकेशन म्हणजे परवानगी नाही, आणि संरक्षण तर नाहीच नाही. अफगाणिस्तानात कुंदुझमध्ये एमएसएफच्या हॉस्पिटलचे कोऑर्डिनेट्स सगळ्या बाजूंना दिलेले होते, २९ सप्टेंबर २०१५ ला पुन्हा दिले, आणि ३ ऑक्टोबरच्या पहाटे अमेरिकन विमानाने त्याच इमारतीवर मारा केला, ४२ माणसं गेली, पेशंट, डॉक्टर, नर्स. गाझात १ एप्रिल २०२४ ला वर्ल्ड सेंट्रल किचन या अन्न पुरवणाऱ्या संस्थेच्या तीन गाड्या देर अल-बलाहच्या गोदामातून निघाल्या, रस्ता इस्रायली फौजेशी ठरवलेला, छतावर संस्थेचं चिन्ह, आणि तरीही एकामागून एक तिन्ही गाड्यांवर हल्ला झाला, सात जण मारले गेले. दोन्हीकडं कागद वरपर्यंत पोचला होता. ज्याच्या हातात बटण होतं त्या माणसाच्या डोळ्यासमोर तो त्या क्षणी नव्हता.

म्हणून कागद पाठवून काम संपत नाही. विचारा, हे तुमच्याकडून पुढं कोणाला जातं? रात्री दोन वाजता फोन कोण उचलतो? गाड्यांवर मारा सुरू झाला तर थांबवायचा हुकूम कोण देऊ शकतो आणि त्याला किती मिनिटं लागतात? उत्तर गुळमुळीत आलं तर निघू नका. मला माहितीये तिकडं लोक वाट बघत असतात, तरी निघू नका. पोचलं म्हणून लेखी उत्तर आल्याशिवाय इंजिन चालू करायचं नाही, आणि निघायला एक तास जरी उशीर झाला तरी पुन्हा कळवायचं.

पाचवी पायरी: रस्त्यावर

नाका दिसला की वेग कमी, काचा खाली, गॉगल काढा, गाणी बंद, रात्र असेल तर आतला दिवा चालू आणि हेडलाईट मंद. हात दिसतील असे. फोन वर करायचा नाही, फोटो तर नाहीच. बोलायचं एकाने, आधी ठरलेल्याने, सहसा ड्रायव्हर किंवा टीम लीडर. आधी विचारपूस, मग कागद. घाई दाखवली की समोरच्याला वाटतं यांच्याकडे लपवण्यासारखं काहीतरी आहे. गाडीत शस्त्र आणि शस्त्रवाला कधीच बसवायचा नाही, कितीही विनवलं तरी, जखमी सैनिक असेल तर शस्त्र उतरवून. शस्त्रधारी एस्कॉर्ट हा अगदी शेवटचा उपाय, कारण आज ज्यांच्या बंदुका सोबत घेतल्या त्यांचेच तुम्ही उद्यापासून.

पैसे मागतात. चहापाणी म्हणा, रस्त्याचा टॅक्स म्हणा. द्यायचे नाहीत, कारण एका नाक्यावर दिले की महिन्याभरात पाच नवे नाके उभे राहतात आणि तुमच्यामागून येणाऱ्या छोट्या संस्थेकडं तेवढे पैसे नसतात. पण इथं एक छुपी गोष्ट आहे जी मला सहा महिन्यांनी कळली, तुम्ही देत नाही पण ट्रकचा ठेकेदार गुपचूप देतो आणि भाड्यात लावतो. म्हणून ठेकेदाराच्या करारातच लिहा की नाक्यावर पैसे द्यायचे नाहीत, मागितले तर आम्हाला कळवायचं, आणि त्यामुळे गाडी थांबली तर थांबलेल्या दिवसाचं भाडं आम्ही देऊ. हे शेवटचं वाक्य नसेल तर पहिली दोन कोणी पाळत नाही, ड्रायव्हरनेच का सोसायचं?

लिहून ठेवणं

प्रत्येक अडवणूक त्याच दिवशी लिहा, तारीख, वेळ, जागा, कोण, काय म्हणाला, कसं सुटलं. ओचाने अडथळ्यांचे नऊ प्रकार ठरवलेत, देशात शिरायला अडवणं, देशात फिरायला अडवणं, कामात ढवळाढवळ, कर्मचाऱ्यांवर हिंसा, चालू लढाई, भूसुरुंग वगैरे, त्यात बसवून पाठवता येतं. बहुतेक ठिकाणी ॲक्सेस वर्किंग ग्रुप असतो, सगळ्या संस्थांचे लोक तिथं बसतात. एकट्याने तक्रार केली तर तुम्हालाच बाहेर काढतात, वीस संस्थांनी एकच गोष्ट सांगितली तर सहसा ऐकावं लागतं. तिथं आपली पोळी भाजून घ्यायला जाऊ नका, एका संस्थेने गुपचूप वेगळा सौदा केला की बाकी सगळ्यांची वाट बंद होते, मी होताना पाहिलंय.

स्थानिक माणसं

२०२४ मध्ये जगभरात ३८० हून जास्त मदत कर्मचारी मारले गेले असं युएनने सांगितलंय, आणि त्यातले बहुतेक त्या त्या देशातलेच होते. तुम्ही नाशिकहून जाल, परिस्थिती बिघडली की तुम्हाला विमानात बसवतील, तुमचा ड्रायव्हर, दुभाष्या, गोदामाचा वॉचमन तिथंच राहणार, त्याच नाक्यावरून रोज घरी जाणार. तुमच्या तोंडून गेलेल्या एका वाक्याची किंमत त्याला द्यावी लागते. म्हणून त्याने जायला नको म्हटलं तर कारण विचारू नका, ट्रिप रद्द करा. आणि तुमच्यासाठी धोक्याचं म्हणून तुम्ही न जाता त्याला एकट्याला पाठवत असाल तर विमा, हेल्मेट, फोन, सुट्टी, सगळं त्याला तुमच्यासारखंच आहे का हे आधी बघा. नसेल तर साहेबांशी भांडा.

नाशिकमधून सुरुवात

युएनचा बीसेफ हा सुरक्षेचा ऑनलाईन कोर्स फुकट आहे, तो करा. काया आणि डिझास्टररेडी या साईटवर मानवतावादी कामाचे बरेच कोर्स फुकट मिळतात. स्फिअर हँडबुक, म्हणजे मदतकार्याच्या किमान निकषांचं पुस्तक, वाचा, माणशी दिवसाला पंधरा लिटर पाणी हा आकडा कुठून येतो ते कळेल. अरबी किंवा फ्रेंच शिका, इंग्रजीवर ऑफिस चालतं, नाका चालत नाही. नोकऱ्या रिलीफवेबवर दिसतात, पण थेट ॲक्सेसची नोकरी नवीन माणसाला मिळत नाही, आधी लॉजिस्टिक्स, गोदाम, वाटप अशी कामं करा, ट्रक कसा भरतात हे ज्याला माहीत नाही त्याच्याशी नाक्यावर कोणी नीट बोलत नाही. इथं गोदेला पूर येतो, दुतोंड्या मारुतीला पाणी कुठवर आलं ते बघायला अख्खं शहर जातं, त्या वेळी रेडक्रॉससोबत किंवा महापालिकेसोबत एखाद्या वाटपात काम करा. सिंहस्थातही स्वयंसेवक लागतात, तिथं पोलीस, आखाडे, पालिका, दुकानदार आणि लाखो भाविक यांच्यामधून एक अँब्युलन्स कशी नेतात ते बघा.

त्या सातपूरच्या मुलीला मी एक अभ्यास दिला होता. युद्ध बाजूला ठेव, म्हटलं, जुलै महिना धर, नाशिकच्या द्वारका चौकातून एक ट्रक धान्य सुरगाण्याजवळच्या एका पाड्यावर न्यायचंय, वाटेत फरशी पूल पाण्याखाली आहे, तर ट्रक अडवू शकणाऱ्या सगळ्यांची यादी कर, नाव नाही तर निदान हुद्दा आणि त्याला कधी, कसं कळवणार ते. चार दिवसांनी तिने व्हॉट्सॲपवर वहीच्या पानाचा फोटो पाठवला. चौदा जण होते. ट्रॅफिक पोलीस, तहसीलदार, वणीच्या पुढं रस्त्याचं काम करणारा ठेकेदार, पुलावरचा होमगार्ड, पाड्यावरचा पोलीस पाटील, शेजारच्या पाड्यावरचे लोक पण, ते वाचून मला फार बरं वाटलं. मी खाली एवढंच लिहिलं, ट्रक संध्याकाळी सातला पोचला तर माल ठेवायच्या शाळेच्या खोलीची चावी कोणाकडे आहे?

दहा मिनिटांनी तिचा फोन आला, ताई, चावी मुख्याध्यापकांकडे असते आणि ते राहतात सुरगाण्यात, पंधरावं नाव लिहिते.